आजोबांनी वर्ग का सोडला

मिहिर, सई, आजोबांना जाऊन काही आठवडे झाले. परवा फोनवर सईने विचारलं, आजोबा एवढे चांगले सर होते, तर शिकवणं मध्येच का सोडलं? मी विषय बदलला. ते असेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं आम्हा नवरा-बायकोचं ठरलं होतं. आता हे ठाऊक असलेली मी एकटीच उरले आहे... म्हणून लिहिते.

ऐंशीच्या दशकात आम्ही वाशीला राहायचो. इमारतींपेक्षा मोकळे प्लॉटच जास्त होते तेव्हा. आजोबा एका तांत्रिक शाळेत ड्रॉइंग शिकवत. फळ्यावर एकमेकांना चिकटलेले सहा चौकोन काढायचे आणि विचारायचे, याचा खोका केला तर झाकण कुठलं? मुलं कात्री शोधू लागायची. त्यांचा नियम असा, की आधी डोळ्यांनी दुमडायचं, कात्री नंतर. जवळच्या गावातला एक मुलगा वैतागून म्हणाला, "सर, याला झाकनच नाय."

"आहे. तुझ्या डोक्यावर घट्ट बसलंय, ते आधी काढ."

वर्षभर त्या मुलाला सगळे झाकण म्हणत. पण त्याला दिसायला लागलं, आणि आजोबा घरी येऊन ते मला दोनदा सांगत बसले.

मग त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. हात सुधारला, बोलणं सुधारलं. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. शाळेत परत गेल्यावर पहिले काही दिवस जुन्या आकृत्यांची पाठ असलेली उत्तरं चालून गेली. एके दिवशी एका मुलीने स्वतःची नवीच आकृती फळ्यावर काढली आणि विचारलं, ही बंद होते का, सर? तेवढ्यात घंटा झाली. घरी येऊन ते बूट न काढता खुर्चीत बसून राहिले. म्हणाले, "सपाटच राहतंय गं सगळं."

त्यानंतर रोज संध्याकाळी आमचा वर्ग भरायचा. साबणाची, बिस्किटांची खोकी उलगडून टेबलावर. मी इंग्रजी साहित्याची पदवीधर, मला आकृत्यांत कधीच काही दिसलं नव्हतं. मला शिकवता शिकवता आपलं परत येईल, या एका आशेवर ते होते. डोळे मिटून बसायचे, कपाळाला घाम यायचा... काही उभं राहायचं नाही. मी थांबूया म्हटलं की चिडायचे.

आणि एका संध्याकाळी मलाच दिसलं. टेबलावरच्या पुठ्ठ्याच्या बाजू हात न लावता वर आल्या, मिटल्या.

"दिसलं ना तुला?"

"नाही हो."

"आयुष्य गेलंय माझं वर्गात. दिसलं की चेहरा कसा होतो ते कळतं मला." मग हळूच म्हणाले, "सांग मला, कसं दिसतंय."

मी सांगत गेले. ही बाजू तळाशी, ही डावीकडून उठते, हिच्यावर ती टेकते. ते लहान मुलासारखे ऐकत होते. शेवटी त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी राजीनामा दिला आणि पुढे तळोज्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं. घरात त्यांनी पुन्हा कागद दुमडला नाही. तुमच्या आईला लिहिलेली पत्रंसुद्धा पाकिटात घालायला माझ्याकडे द्यायचे.

त्यांना जे दिसायचं, ते मला अजून दिसतं. तेवढं शिल्लक आहे.