‘तुकडा मिळाला, साहेब’

मेजर अशोक सपकाळे आमच्या इंजिनिअर कंपनीत पोस्टिंगवर आले, तेव्हा आम्ही पश्चिम सीमेवर वाळवंटात होतो. मी हवालदार होतो. माझं गाव शिंदखेडा, साहेबांचं जळगावजवळचं असोदा. असोद्याच्या बौद्ध वस्तीतून सैन्यात अधिकारी झालेले ते पहिलेच. वडील केळीच्या बागांत मजुरी करायचे. साहेब हे स्वतःहून कुणाला सांगत नसत आणि विचारलं तर लपवतही नसत.

आमचं काम सुरुंग काढण्याचं होतं. सीमेवर तणाव वाढला की शेतांमध्ये सुरुंग पेरतात आणि तणाव निवळला की तेच काढून शेतं मालकांना परत देतात. माणसासाठीचा सुरुंग बुटपॉलिशच्या डबीएवढा असतो. तो प्लास्टिकचा असल्यामुळे डिटेक्टरला बहुतेक वेळा कळत नाही. मग पोटावर झोपून प्रॉडरने, म्हणजे लांब सळईने, वाळू तिरकी टोचत पुढे सरकायचं. पेरताना प्रत्येक सुरुंगाची जागा नकाशावर लिहिलेली असते, पण वाळू जागेवर राहत नाही. टेकडी सरकली की सुरुंगही तिच्याबरोबर जातो.

काम पहाटे सुरू व्हायचं. ऊन चढलं की थांबायचं, कारण घाम डोळ्यांत गेला की हात चुकतो. माझ्या सेक्शनमध्ये लान्स नाईक गुमान पावरा होता. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचं गाव. लग्न झालेलं, एक मुलगा. प्रॉडर धरावा तर गुमाननेच, असं सगळे म्हणत. तोंडही तसंच चालायचं. एकदा चहाच्या वेळी साहेबांसमोरच म्हणाला, “आमना हवालदार साबले वाळू नवी नही शे. शिंदखेडाले नळले पानी कमी, वाळू जास्त येस.”

साहेब हसले. “गुमान, जपून. रेशनचा कांदा त्यांच्या हातात आहे.”

“कांदा नही दिधा तरी चाली. तुम्ही असोदाना वांगा मांगाडा. भरीत मी करस.”

कंपनीत खानदेशी आम्ही तिघंच होतो. साहेब ऑर्डर हिंदीत देत, पण आमच्याशी मराठीत बोलत.

दोन नियम सांगायला हवेत. नकाशावर सुरुंग आहे आणि जागेवर नाही, तर तो सापडेपर्यंत वाळू चाळायची. एखाद्या जनावराच्या पायाखाली तो आधीच फुटला असेल, तर त्याचा तुकडा शोधायचा. प्लास्टिकचा कपचा, स्प्रिंग, काहीही. तो तुकडा अधिकाऱ्याच्या हातात दिल्याशिवाय सुरुंग ‘फुटलेला’ लिहायचा नाही. दुसरा नियम लेखी नव्हता, आमच्या कंपनीचा रिवाज होता. जमिनीचा एक पट्टा साफ झाला की सुरुंग काढणाऱ्या सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून, बूट घासत, त्यावरून चालत जायचं. अधिकारी मधोमध. शेतमालक बांधावर उभे राहून बघत. आपण चाललो नाही, तर मालक नांगर कसा घालेल, असं साहेब म्हणत.

त्या दिवशी शेवटचा पट्टा होता. एका टेकडीच्या उतारावर एक सुरुंग जागेवर नव्हता. तिथे खड्डा होता आणि खड्ड्याभोवती उंटाची हाडं पडली होती. उंटाने पाय दिला, सुरुंग फुटला, असं मी धरलं. तुकड्यासाठी वाळू चाळायला बसलो. ऊन चढलं होतं. बाकीचे काम संपवून माझ्यासाठी थांबले होते. मी चाळणी अर्धवट सोडली आणि उठलो.

साहेबांनी विचारलं, “फुटलेला?”

“होय, साहेब.”

“तुकडा?”

“तुकडा मिळाला, साहेब.”

त्यांनी हात पुढे केला नाही. माझ्याकडे बघितलं, रेकॉर्डवर सही केली आणि म्हणाले, “चला. लाइन बनाओ.”

आम्ही चालायला लागलो. साहेब मधोमध, त्यांच्या डावीकडे मी, माझ्या डावीकडे गुमान. उताराच्या पायथ्याशी स्फोट झाला. मी पडलो. उठून पाहिलं तर मला काही झालं नव्हतं. गुमानचा डावा पाय मांडीपर्यंत गेला होता.

साहेब ओरडले, “कोई नहीं हिलेगा.” मग स्वतःच वाळू टोचत त्याच्यापर्यंत गेले आणि मांडीवर कमरेचा पट्टा आवळला. रक्त थांबलं नाही. गुमान शुद्धीवर होता. “साहेब, मन्हा बूट कथा शे?” आपला बूट कुठे आहे, एवढंच त्याने दोनदा विचारलं.

रेडिओ माझ्या शेजारच्या जवानाकडे होता. साहेबांनी तो मागून घेतला.

“एक कॅज्युअल्टी. अँब्युलन्स पाठवा. ओव्हर.”

“नाव सांगा. ओव्हर.”

“लान्स नाईक गुमान. ओव्हर.”

थोड्या वेळाने पलीकडून विचारणा झाली. “अँब्युलन्स निघाली आहे. स्थिती सांगा. ओव्हर.”

साहेबांनी गुमानच्या मानेवरून बोटं काढली आणि बटण दाबलं. मग म्हणाले, “घाई करू नका. आऊट.”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः तो खड्डा चाळला. तुकडा नव्हता, जळलेली वाळूही नव्हती. उंट कधीतरी आजाराने मेला होता आणि त्याला खायला कोल्ह्यांनी वाळू उकरली होती. सुरुंग मुळात फुटलाच नव्हता. तो टेकडीबरोबर घसरून पायथ्याशी गेला होता. साहेब चाळणी खाली ठेवून माझ्याकडे आले. मी मान खाली घातली. त्यांना कळलं.

चौकशी बसली. त्यांना विचारलं गेलं, “हवालदाराने तुकडा मिळाल्याचं सांगितलं होतं का?”

साहेब म्हणाले, “नाही. मी विचारलंच नाही. न विचारता सही केली.”

हे वाक्य खोटं आहे. त्यांनी विचारलं होतं आणि मी खोटं बोललो होतो. माझी साक्ष त्यांच्यानंतर झाली. मला विचारलं, मेजर सांगतात ते बरोबर आहे का? मी म्हणालो, “होय, सर.”

बाहेर आल्यावर मी त्यांच्या तंबूत गेलो. ते म्हणाले, “भदाणे, तुकडा हातात घेणं माझं काम होतं. तुमच्या शब्दावर सही केली, ती माझी चूक. तुमचं तुम्ही बघा.” पुन्हा त्यांनी हा विषय काढला नाही. माझं मी काय बघितलं, ते पुढे लिहितो.

त्यांचं प्रमोशन थांबलं. ते मेजर म्हणूनच निवृत्त झाले आणि असोद्याला परत आले. लोक त्यांना नाना म्हणत. गावात कुणी मोरी बांधली, पाण्याची टाकी बांधली की ते उन्हात उभे राहून सळ्या तपासायचे. कुणी बोलावलेलं नसायचं. ठेकेदार वैतागायचे. जळगावला माजी सैनिकांच्या बैठकीत एकाने माझ्यादेखत टोमणा मारला, “नाना, सळ्या कसल्या मोजता? तिथे एक तुकडा नाही बघितला.” साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बाहेर गेले. मी माझा चहा संपवला.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मी शिस्तीबद्दल बोललो. लोक निघून गेल्यावर त्यांच्या पत्नी माझ्याजवळ बसल्या. मी त्यांना अक्का म्हणतो.

“भाऊ, तुम्ही तिथे होतात. ह्यांनी खरंच विचारलं नव्हतं का हो? घरात पाण्याची मोटर सुरू केली तरी हे तीनदा विचारायचे, टाकी बघितली का म्हणून.”

मी त्यांना सगळं सांगितलं. अक्का म्हणाल्या, “गुमानच्या बायकोला सांगून या. आधी तिला. माझ्याशी नंतर बोला.”

दुसऱ्या दिवशी मी चोपड्याची बस धरली. तिथून जीप. गुमानची बायको बायजाबाई अंगणात मक्याची कणसं सोलत होती. मी नाव सांगितलं, समोर बसलो आणि बोललो. तिचे हात थांबले नाहीत.

“तो मेजर दर साल येये,” ती म्हणाली. “मी दार लावी ल्याये. तो दुपारलोंग वट्टावर बठे आनि उठीसन जाये.”

हे मला माहीत नव्हतं.

“एक साल मन्हा पोर्‍यानी त्याले दगड मारा. कपायले लागना. रगत उनं. तरी बोलना नही का मी नही, दुसराच शे.” तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “तवय तू कथा व्हता?”

मी म्हणालो, “शिंदखेड्याला.”

तिचा मुलगा दगड उचलण्याएवढा झाला, त्याच सुमारास मी सुभेदार झालो होतो. गावाने मला फेटा बांधला होता. शाळेत झेंडा माझ्या हातून फडकवला होता. हे मी तिला सांगितलं नाही.

“तो जित्ता व्हता तवय यावानं व्हतं,” बायजाबाई म्हणाली. “आते मी कोनले दार उघडू?”

तिने कणसांची टोपली उचलली आणि आत गेली. मी दाराबाहेरच्या वट्ट्यावर बसून राहिलो. संध्याकाळच्या जीपवाल्याने हॉर्न वाजवला, तेव्हा उठलो.

अक्कांकडे अजून गेलेलो नाही. जाईन, पण काय सांगू ते सुचत नाही. तोवर हे लिहून ठेवतो आहे. चौकशीतलं माझं ‘होय, सर’ खोटं होतं.

लान्स नाईक गुमान पावरा हसरा माणूस होता. प्रॉडर धरण्यात त्याचा हात कंपनीत सगळ्यांत हलका होता. त्या दिवशी तो माझ्या शब्दावर चालला. मेजर अशोक सपकाळेही माझ्याच शब्दावर चालले. त्यांचं नाव कुठल्या स्मारकाच्या दगडावर नाही. सैन्याच्या हिशेबात ते घरी, आजाराने गेले. मी त्यांना त्याच पट्ट्यावर गेलेले धरतो.