भाजीवालीची आरोळी

वीस वर्षं भाजीवाली एकच आरोळी ठोकत आली होती, "ब्रोकोली घ्या, रक्त वाढवा!" त्याच भरवशावर हल्ली एक गरोदर शाळामास्तरीण रोज एक गड्डा न्यायची.

आज लेकीने मोबाइलवर तक्ता वाचला. "आई, शंभर ग्रॅम ब्रोकोलीत लोह जेमतेम पाऊण मिलिग्रॅम. तेवढ्याच कोको पावडरीत चौदा!"

भाजीवालीच्या हातातला तराजू लोंबकळतच राहिला. "चॉकलेटच्या भुकटीत? कार्टे, थट्टा करतेस?"

"अगं, पण शंभर ग्रॅम कोको खातं कोण? आणि क जीवनसत्त्व ब्रोकोलीतच, कोकोत नावालाही नाही."

भाजीवालीला पुढचं ऐकूच आलं नाही. समोरून मास्तरीणबाई येत होत्या, पांढऱ्याफटक.

"बाई, माझी आरोळी चुकली हो," गड्डा देताना ती म्हणाली. "भाजी खा, पण रक्ताचं आजच डॉक्टरांना विचारा."