पावणं म्हणजे कोण? शिरोळ ते कोल्हापूर, एका अर्जापायी

अर्जाच्या शेवटच्या पानावरची ती एक ओळ नसती, तर हा प्रवास घडलाच नसता. बारावीनंतर थेट डॉक्टरकीला घेणाऱ्या पुण्याच्या एका कॉलेजाचा तो अर्ज होता. सत्तरचं दशक संपत आलेलं, दहावी-बारावीची नवी पद्धत नुकतीच रुळत होती आणि मेडिकलचा अर्ज भरणारी मुलगी आमच्या गल्लीनं तोवर पाहिली नव्हती. ओळीचा मतलब असा: अर्जदाराला तीन वर्षं ओळखणाऱ्या, पण नातेवाईक नसलेल्या दोन जबाबदार माणसांचे दाखले जोडा आणि त्यांवर मोठ्या अधिकाऱ्याचा सही-शिक्का घ्या.

आता शिरोळात आमचा नातेवाईक नसलेला माणूस आणायचा कुठून? समोर काका, शेजारी आत्या, मागच्या बोळात चुलत आजोबा. एक दाखला हेडमास्तरांनी दिला. ते साताऱ्याकडचे, म्हणून निभावलं. दुसऱ्यासाठी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, राजारामपुरीतले डॉक्टर आठवले.

हे डॉक्टर पूर्वी दर बाजाराच्या दिवशी शिरोळला येत. एका वर्षी कृष्णेला पूर आला, रस्ते बंद झाले आणि ते चार दिवस आमच्या घरी अडकले. आमच्याच सोप्यात बसून त्यांनी अख्ख्या गल्लीला तपासलं. काचेच्या सिरिंजा चुलीवर उकळून द्यायचं काम माझ्याकडं होतं. मी तेव्हा नववीत होते. डॉक्टर व्हायचं खूळ डोक्यात शिरलं ते त्या चुलीपुढं.

गुरुवारी सकाळी सहाच्या एसटीनं निघालो. अर्ज शनिवारी पुण्यात पोचायला हवा होता, म्हणजे त्याच दिवशी कोल्हापुरातून रजिस्टर करणं भाग होतं. नाहीतर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं की मी कुठं जाणार होते तेही ठरलेलं होतं. जयसिंगपूरचं एक स्थळ अव्वानं, म्हणजे आईनं, हेरून ठेवलं होतं.

जयसिंगपूर, हातकणंगले, मग कोल्हापूर. तिकीट तीन-साडेतीन रुपये असेल. मे महिन्यात या रस्त्यानं जाणार असाल, तर आजही सांगते, पहिलीच गाडी पकडा. स्टँडजवळ अप्पांनी मिसळ खाऊ घातली आणि स्वतः दोनदा कटाचा तिखट रस्सा मागून घेतला. मिसळ जरूर खा, पण कचेरीतलं काम उरकल्यावर. मी दाखल्यांची पिशवी छातीशी धरून दिवसभर उचक्या देत होते.

दवाखान्याचे बाक माणसांनी भरलेले. डॉक्टरांनी मला ओळखलं. "सिरिंजा उकळणारी ना तू? मोठी झालीस." दाखला त्यांनी तिथंच इंग्रजीत लिहून दिला. आता सही-शिक्का उरला. अप्पा चाचरत म्हणाले, "डाक्टर, कचेरीत मला बोलाय न्हाय जमायचं." डॉक्टरांनी बाकांकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि कंपाउंडरला म्हणाले, "दोनपर्यंत येतो, सगळ्यांना थांबव." आम्ही तिघं रिक्षात बसलो.

ते आले नसते तर काम दहा मिनिटांत झालं असतं, ही गंमत मला पुढं कळली.

कचेरीतले कारकून कोडोलीचे, आवाज खणखणीत. "या पावणं, बसा," म्हणून त्यांनी अप्पांना बाक दिला. कागद वाचले. हेडमास्तरांचा दाखला बाजूला ठेवला आणि दुसऱ्यावर बोट ठेवून विचारलं, "डाक्टर सोता आलेत व्हय? तुमचं कोन लागत्यात?"

अप्पा अभिमानानं म्हणाले, "पावणं हायत आमचं."

कारकुनांनी पेन खाली ठेवलं. "मग ह्यो दाखला न्हाय चालायचा. नातेवाईक नको म्हनून छापलंय हितं."

आमच्याकडं घरी आलेला पाहुणा तो पावणा, सोयरा तोही पावणा आणि रस्त्यावरचा अनोळखी माणूसही पावणाच. अप्पांना पहिला म्हणायचा होता, कारकुनांनी दुसरा ऐकला.

"तसलं पावणं न्हवं," अप्पा गडबडले. "पुराच्या टायमाला चार दिस घरात ऱ्हायल्यालं."

"म्हंजे घरात ऊठबस हाय."

"हाय की. माझ्या भावाच्या जागी हायत."

"आता भावाच्या जागी म्हनल्यावर मी काय करू?"

अप्पा जितकं समजावत होते तितके डॉक्टर आमच्या जवळचे होत चालले होते. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "अहो, आमची आडनावं बघा, वेगळी आहेत."

"बायकूच्या म्हायेरची आडनावंबी येगळीच असत्यात," कारकून म्हणाले.

दीड वाजलेला. साहेब दोनला दौऱ्यावर निघणार होते. माझ्या डोळ्यांपुढं जयसिंगपूर यायला लागलं. मोठ्या माणसांत बोलायची मला मुभा नव्हती, पण भीतीनं तोंड उघडलं.

"काका, मगाशी अप्पास्नी तुमी काय म्हनला? या पावणं, म्हनला की. मग तुमीबी आमचं सोयरं हायसा काय?"

पलीकडच्या टेबलावरचे गृहस्थ हसले. कारकून मात्र हसले नाहीत. माझ्याकडं बघत म्हणाले, "डाक्टर कशाला हुतीस, वकील हो." मग कागद डॉक्टरांपुढं सरकवला. "खाली एक वळ लिवा. रक्ताचं नि लग्नाचं कसलंबी नातं न्हाय म्हनून. मी सोता न्हेतो सायबाकडं."

डॉक्टरांनी पेन उघडलं आणि क्षणभर अप्पांकडं पाहिलं. अप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांना ते लागलं होतं हे मला दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला. इथं माझा जीव टांगणीला आणि ह्यांचं काय चाललंय, असं वाटलं. सतराव्या वर्षी माणूस एवढंच बघतो.

डॉक्टरांनी ओळ लिहिली. कारकून कागद घेऊन जवळजवळ पळतच आत गेले आणि सही-शिक्का घेऊन आले. मोठ्या पोस्टात रजिस्टर करून पावती हातात पडली तेव्हा चार वाजत होते. डॉक्टर कचेरीच्या दारातूनच परत गेले होते. ते त्या दिवशी उपाशी राहिले असणार आणि बाकांवरची माणसं ताटकळली असणार, हे मला सुचलं ते माझ्या स्वतःच्या दवाखान्यात बाक भरायला लागल्यावर. त्या ताटकळलेल्या माणसांचेही उपकार माझ्यावर आहेत, आणि त्यांतलं एकही नाव मला ठाऊक नाही. कोडोलीच्या त्या काकांचंही नाही.

घरी अप्पांनी सगळं सांगितलं, ती ओळ सोडून. ती मी सांगितली. अव्वाचा हात भाकरीवरच थांबला. "असं लिवून दिलं त्येंनी? आनि तुमी लिवू दिलासा?" अप्पा हात धुऊन बाहेर जाऊन बसले.

पुढं पुण्यात लेखी परीक्षा झाली, मुलाखत झाली आणि यादीत माझं नाव आलं. जयसिंगपूरच्या मुलाला शिरोळचीच दुसरी मुलगी मिळाली, सुखात आहेत. डॉक्टर झाल्यावर माझं लग्न ठरलं तेव्हा अव्वाला सख्खा भाऊ नव्हता, म्हणून मुलीच्या मागं मामा कोण उभा राहणार यावर भावकीत चर्चा सुरू झाली. अप्पा कुणाला न विचारता राजारामपुरीला गेले आणि डॉक्टरांना घेऊन आले.

अर्जातली माझी जन्मतारीख खरी होती, गुण खरे होते, पत्ता खरा होता. खोटं वाक्य एकच होतं, ते डॉक्टरांच्या अक्षरात होतं, आणि सरकारी शिक्का नेमका त्यावर होता.