अंगुस्तानाचं बोट

आमच्या शिंपीण काकूचा कशावरच पटकन विश्वास बसत नाही. शिवण घातली की दोन्ही हातांनी ओढून बघायची, टिकली तर खरी. लग्न ठरताना काकांनाही तिनं असंच ओढून पाहिलं असणार, असा आम्हा पुतण्यांना दाट संशय आहे. कोटाची काजं मात्र ती हातानं अशी करते की गिऱ्हाइकं निमूट ताटकळतात.

एका सकाळी गादीखाली चादर खोचताना तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट अडकलं. फार दुखलं नाही, पण टोक जे खाली लोंबलं ते वर येईना. सुई रेटायला धातूचं टोपण, म्हणजे अंगुस्तान, ती त्याच बोटात घालायची. मुरगळलं असेल म्हणून तिनं अंगावर काढलं. काज जमेना तेव्हा मात्र तिची पाचावर धारण बसली.

डॉक्टरीणबाईंनी बोटाचं मधलं पेर धरून टोक उचलायला सांगितलं. टोक ढिम्म. एक्स-रेत हाड शाबूत होतं, टोक वर ओढणारी कंडरा तुटली होती. बोट सरळ ठेवणारी पट्टी सहा आठवडे रात्रंदिवस घालायची, धुवायला काढली तरी टोकाला आधार हवाच. एकदा जरी वाकलं तरी पुन्हा पहिल्यापासून.

पाचव्या आठवड्यात काकूनं पट्टी काढली आणि पक्कं जुळलंय का ते बघायला टोक जरासं दाबलं. ते खालीच राहिलं.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. घरी आल्यावर काकूनं आपला हात काकांपुढे केला. "माझा माझ्यावर भरवसा नाही," ती म्हणाली. "तुम्हीच धरत जा."

बस चालवण्यात हयात गेलेले आमचे आडदांड काका मग रोज सकाळी चष्मा लावून ते टोक चिमटीत धरून बसायचे आणि काकू बोट धुवायची. भांडणं तेवढ्यातही उरकायची.

मुदत भरली तेव्हा दवाखान्यात पट्टी काकांनीच सोडवली, टोक न सोडता. आता सोडा, असं सांगितलं तरी सोडेनात. काकूही हात मागे घेईना.

"अहो, तुम्ही सोडल्याशिवाय मला कळणार कसं?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकांनी हळूच चिमूट उघडली. टोक किंचित झुकलं, पण आपल्या जोरावर उभं राहिलं. काकूला रडू आवरेना. आणि मोकळ्या झालेल्या हाताचं काय करावं ते न सुचून काका तिचं शेजारचं बोट धरून बसले.