त्याच्या वतीनं

आमच्या घरातली पत्रं मी लिहायची, हा नियम कधी ठरला ते आठवत नाही. वडील माळव्यात, बागलीला मास्तर होते. शाळा हिंदी, गल्लीत माळवी, आणि मराठी फक्त स्वयंपाकघरात नि सणावारी. मला आत्यानं धरूनबांधून मराठी लिहायला शिकवलं. धाकट्या भावाची पाळी येईपर्यंत तिचं लग्न झालं. त्यामुळे पुण्याच्या काकांना भावाच्या नावानं जाणारं पत्रही माझंच असे. 'मी खुशाल आहे. अभ्यास बरा चालला आहे.' प्रत्यक्षात तो टायफॉइडनं पडलेला असायचा. आमच्यात आजारपण कळवायचं ते उतरल्यावर. खाली तो सही ठोकायचा आणि काका त्याच्या मराठीचं कौतुक करायचे.

पन्नास वर्षांनी ही सवय मला नडली.

मी आता देवासला एकटी राहते. नोकरी संपली, यजमान जाऊनही सहा वर्षं झाली. दोन खोल्या आणि दोन रेडिओ, एक बातम्यांना आणि एक गाण्यांना. कोणी विचारलं तर मी असंच सांगते. माझी एक जुनी विद्यार्थिनी इंदूरला समुपदेशक आहे. मनानं थकलेल्या माणसांसाठी ती मोबाइलवर एक गट चालवते. खरं नाव सांगायचं नाही, उपदेश करायचा नाही, आपल्याला काय होतंय ते लिहायचं आणि दुसऱ्याचं वाचायचं. नवीन आलेले बहुतेक जण नुसतेच वाचत बसतात. त्यांना लिहितं करायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं. "बाई, तुमचं लोक ऐकतात," म्हणाली. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडलं. रोज सकाळी चहा झाला की मी कोणाला ना कोणाला लिहायची, 'एक ओळ लिहून पाहा. चुकलं तरी चालेल.' माझी स्वतःची एकही ओळ तिथे नव्हती. मला काय धाड भरलीय, असं मला वाटायचं.

भाऊ धारला असतो, एका कॉलेजच्या ऑफिसात. भावजय गेली त्याला दीड वर्ष झालं होतं. एकदा फोनवर तो सहज म्हणाला, "अक्का, बीपीच्या गोळ्या बंद केल्या. किसके लिए लेना?" दूधवाला बदलला असं सांगावं, तसं सांगितलं त्यानं. हा असाच हळूहळू हातचा जाईल, ही भीती त्या दिवशी जी बसली ती बसलीच.

त्याला मी गटात आणलं. 'धारवाला' असं नाव घेऊन तो आला आणि वाचत बसला. मी रोज फोन करायची, "लिहिलंस का?" तो म्हणायचा, "लिखूँगा, अक्का."

महिनाभर मी कळ काढली. मग एका रविवारी इंदूरच्या गंगवाल स्टँडवर बस बदलून धार गाठलं. त्यानं चहा टाकला. मी त्याच्या हातातून मोबाइल घेतला नि म्हटलं, "तू सांग, मी लिहिते."

त्यानं दोन कपांत चहा गाळला. मग म्हणाला, "बस, सुन्न लगता है. घरात."

एवढ्यावर मी वीस ओळी लिहिल्या. तुळशीपुढचा दिवा लिहिला, रिकामा झोपाळा लिहिला, दोघांतला एकच कप लिहिला. संध्याकाळपर्यंत उत्तरांचा पाऊस पडला. किती सुंदर लिहिता, डोळ्यांत पाणी आलं, वगैरे. मी एकेक मोठ्यानं वाचून दाखवत होते. खुशीत होते हो मी.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "अक्का, हे सगळे तुझ्याशी बोलतायत," तो म्हणाला. "झोपाळा कुठंय आपल्याकडे? मेरा तो किसी ने सुना ही नहीं." आणि कप विसळायला आत गेला.

मी देवासला पोचले तोवर 'धारवाला' गटातून निघून गेलेला होता. चार दिवस त्यानं फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी उचलला, "जिंदा हूँ" म्हणाला आणि ठेवला.

विद्यार्थिनीला सांगितलं, तर ती म्हणाली, "बाई, आधी गटाला खरं सांगा." माझ्याच वर्गातली पोर मला शिकवत होती, आणि बरोबर शिकवत होती. मी लिहिलं, 'धारवाल्याच्या नावानं मी लिहिलं होतं. तो माझा भाऊ. त्याच्या घरी झोपाळा नाही. तुम्ही ज्याला धीर दिलात तो माणूस मी बनवला. खरा अजून बोललेला नाही.' हेच भावालाही पाठवलं. त्यापुढे 'आता तू लिही' असं जोडलं नाही. जन्मात पहिल्यांदा.

आठ दिवस काही नाही. मग एका दुपारी गटात 'धारवाला' पुन्हा दिसला.

'झोपाळा नाही हे बरोबर. बायकोची चप्पल दारात आहे. रोज ओलांडून जातो. हटवत नाही. मन नाही होत. गोळी दोन महीने नाही घेतली. काल घेतली. बस इतकंच.'

मिनिटभरात कोणीतरी उत्तर दिलं, 'भिया, मी पण. माझ्या इथे चष्मा आहे.' कोणीही सुंदर म्हटलं नाही.

मी पदरानं डोळे पुसत होते, तेवढ्यात त्याचं आणखी आलं. 'माझी अक्का सगळ्यांना लिहायला लावते. पचास साल माझं पण तीच लिहिते. तिला कधी कोणी पूछा नाही. मी पण नाही. अक्का, तू कैसी है?'

'मी खुशाल आहे,' बोटांनी आपसूक लिहून टाकलं. मी ते पुसलं. बातम्यांचा रेडिओ बंद केला, मग आत जाऊन गाण्यांचा. घर एकदम गप्प झालं आणि मला रडूच कोसळलं. खाटेवर बसून लिहिलं, 'दोन्ही खोल्यांत रेडिओ लावून ठेवते. घरात माणसाचा आवाज नसला की मला भीती वाटते.'

आयुष्यभर मी पोरांना सांगत आले की लिहिलेलं परत वाचल्याशिवाय द्यायचं नाही. हे मी न वाचताच पाठवलं.