हजेरीतले चार दिवस

दिवाळीच्या सुट्टीआधी दोन दिवस कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक यादी लागली. ज्यांची हजेरी कमी भरली होती त्यांचे रोल नंबर तिच्यात होते, आणि वरून सातवा माझा होता. खाली लिहिले होते की या विद्यार्थ्यांनी दुसऱ्या टर्मच्या पहिल्या दिवशी, दुपारी दोन वाजता, पालकांना घेऊन आणि लेखी कारण घेऊन उपप्राचार्यांना भेटावे. न भेटल्यास टर्म मिळणार नाही. टर्म न मिळणे म्हणजे परीक्षेला बसता न येणे, म्हणजे वर्ष जाणे. माझे एक वर्ष गेले तर मला दुसरे मिळणार नव्हते.

तुम्ही दोघे नातवंडे आता मोठ्या विद्यापीठांत आहात, म्हणून क्रमाने सांगते.

दुसरी मोठी लढाई संपली त्या वर्षी, म्हणजे पंचेचाळीस साली, मी मॅट्रिक होऊन मुंबईला फर्स्ट इयर सायन्सला गेले. आमचे घर खोपोलीला, शिळफाट्याच्या जवळ. आई मी लहान असतानाच गेली होती. मला वाढवले ते आत्याने, दादांच्या थोरल्या बहिणीने. दादा म्हणजे माझे वडील. ते वीजघरात पाळीने कामाला जात आणि उरल्या वेळात भातशेती बघत. आमच्या आळीतून मुंबईला शिकायला गेलेली मी पहिलीच मुलगी. शेजारचे काका दादांना विचारत, "पोरीला काय कलेक्टर करतोस रं?" दादा म्हणत, "करनार. तुला सलाम ठोकाय लागंल, आतापासनं सवय कर."

कॉलेजात मात्र मी कोणीच नव्हते. वर्गात दीडशे मुले आणि अकरा मुली. इंग्रजी मी वाचून शिकलेली, ऐकून नाही. प्रोफेसर भराभर बोलत आणि माझ्या वहीत निम्मी वाक्ये मध्येच तुटलेली असत. रोज संध्याकाळी मी ती वाक्ये पुस्तकातून शोधून पुरी करायची. हळूहळू तुटलेली वाक्ये कमी होऊ लागली. ऑगस्टपासून मला वाटायला लागले, जमेल.

चूक झाली ती दुसरीकडे.

आमच्या घरी पाळीचे चार दिवस बाई बाजूला बसे. मागच्या पडवीत घोंगडीवर बसायचे, कशाला शिवायचे नाही, ताट दुरून सरकवले जायचे, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात यायचे. मुंबईला निघताना आत्याने मला तुळशीसमोर उभे करून वचन घेतले होते. "तिथं कोन बघनारं नाय म्हनून सोडायचं नाय गं. पाळशील?" मी पाळीन म्हटले, आणि पाळले. दर महिन्याला चार दिवस मी वसतिगृहाच्या खोलीत कोपऱ्यात घोंगडी टाकून बसले. कॉलेजला गेले नाही.

माझ्या खोलीतली मुलगी गिरगावची. ती पहिल्या वेळी हसून लोळली. "अगं, आपण तिसऱ्या मजल्यावर आहोत. इथवर कुठला कावळा यायला बसलाय तुला शिवायला?" दुसऱ्या महिन्यात तिने जरा चिडूनच विचारले, "तुझी प्रॅक्टिकल्स कोण करणार, तुझी आत्या?"

तरीही मला काळजी वाटली नाही. कर्जतच्या शाळेत असताना आत्या मला ते चार दिवस घरीच ठेवी, आणि तिथल्या मास्तरांनी कधी एका शब्दाने विचारले नव्हते. मुलगी का आली नाही हे सगळ्यांना न सांगता कळे. मला वाटले, एवढ्या मोठ्या कॉलेजालाही कळत असेल.

घरी आल्यावर मी दादांना नोटीस वाचून दाखवली.

"हजेरी कमी का?" दादांनी विचारले.

हे कारण वडिलांपुढे कसे बोलावे ते मला माहीत नव्हते. त्या काळी बोलतच नसत.

"आजारी व्हतीस?"

"नाही."

"मग काय मुंबई बघत हिंडलीस?"

त्यानंतर सगळी दिवाळी ते माझ्याशी कामापुरते बोलले. शेजारचे काका फराळाला आले आणि म्हणाले, "काय कलेक्टरीनबाई, कसं काय?" त्यावर दादा उठून बाहेर गेले. लेखी कारणाचा कागद मी तीनदा लिहायला घेतला. तारीख, नंबर, 'माननीय महोदय' इथवर होई, पुढे कोरा.

निघायच्या दिवशी, म्हणजे त्या भेटीच्याच दिवशी, पहाटे मला कळले की मी बाजूला झाले आहे. नेहमीपेक्षा चार दिवस आधीच.

मी मागच्या दाराशी उभी राहिले. आत आत्या भाकऱ्या फडक्यात बांधत होती. तिची अंघोळ, देवपूजा झालेली होती. बाहेरच्या ओटीवर दादा वहाणा घालत होते, ते मला ऐकू येत होते. सांगितले तर घोंगडीवर बसावे लागणार आणि वर्ष बुडणार. न सांगता आत शिरून भाकऱ्या उचलल्या असत्या तर कोणालाच कळले नसते. मी एक पाय उंबऱ्यावर ठेवलाही होता.

"ये की गं आत. गाडी चुकंल."

मी पाय मागे घेतला. "आत्या, मी बाजूला झाले."

तिचा हात थांबला. "आजच?"

मग मला थांबता येईना. "तिथेही मी दर महिन्याला अशीच बसले. कॉलेजला गेलेच नाही. म्हणून हजेरी बुडाली. दादांना वाटतंय मी हिंडले."

"चार-चार दिस साळंत गेलीच नायस?" आत्या ओरडलीच. "मी चुलीला शिवू नको म्हनलं, देवाला शिवू नको म्हनलं. साळंत जाऊ नको असं कवा म्हनलं?"

"कर्जतला होते तेव्हा तूच घरी ठेवत होतीस."

आत्याने फडक्याची गाठ आवळली. बाहेर वहाणांचा आवाज बंद झाला होता. दादांचे खाकरणे ऐकू आले, मग, "मी फुडं होतो. पाठनं पाठव तिला." पावले निघून गेली.

आत्याने भाकऱ्यांचे फडके उचलले आणि रीतीप्रमाणे माझ्यापुढे जमिनीवर ठेवले. मी घ्यायला वाकले, तेवढ्यात तिनेच ते पुन्हा उचलून माझ्या हातात दिले. माझी बोटे फडक्यासकट घट्ट दाबली.

"आत्या, शिवलीस."

"दिसतंय मला. परत न्हाईन. खोपोलीत पान्याला काय तोटा हाय? निघ."

मी निघाले. कुंपणाच्या वळणावरून पाहिले तर ती विहिरीच्या रहाटावर वाकली होती. कार्तिकातली पहाट होती आणि ती साठीला आलेली.

गाडीत दादा माझ्या शेजारी बसले. कर्जतला आम्ही गाडी बदलली. मग ते म्हणाले, "भाकर खा. मगाचपासनं हातात धरून बसलीस."

उपप्राचार्य इंग्रजीत बोलत आणि दादांना इंग्रजी येत नव्हते, म्हणून मधे मीच. त्यांनी माझा कागद पाहिला, कोऱ्या जागेवर बोट ठेवले आणि कारण विचारले. मी त्यांचा प्रश्न दादांना मराठीत सांगितला. दादा उभे राहिले.

"सायबांना सांग, चूक पोरीची नाय, आमच्या घरची हाय. आता दुरुस्त झाली. फुडं एक दिस चुकनार नाय."

मी वाक्य वाक्य इंग्रजीत सांगितले. पहिले वाक्य दोनदा सांगावे लागले. उपप्राचार्यांनी हजेरीपुस्तक उघडले. दर महिन्याच्या चार कोऱ्या चौकटींवरून त्यांची पेन्सिल सावकाश फिरली. मग त्यांनी पुस्तक मिटले आणि माझ्याकडे न बघता कोऱ्या जागेवर स्वतःच लिहिले: घरगुती कारण. पुढच्या टर्मला एकही प्रॅक्टिकल चुकले तर नाव कमी करीन, असे बजावले.

एकही चुकले नाही. पहिल्या महिन्यात प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांना हात लावताना मनात चलबिचल होई, नंतर गेली. घरी सुट्टीत मात्र आत्या मला पडवीतच बसवी; तिने घरची रीत सोडली नाही आणि मीही तसा हट्ट धरला नाही.

जूनमध्ये निकाल लागला. मी पास झाले. घरी येऊन सांगितले तेव्हा दादा मार्क विचारू लागले.

आत्या चुलीपुढून म्हणाली, "मार्कं र्‍हाऊ देत. हजेरी किती पडली ते सांग आधी."