‘बंद’ लिहिलेले खोके

प्रभाकर मेश्राम मार्चमधल्या एका मंगळवारी गेला. ऑफिसातून घरी येताना त्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि सीटवर मान टाकली. पोलिसांनी त्याच्या मुलाला, निखिलला, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला फोन केला. निखिलने मला केला.

त्यानंतर इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर जे मेसेज आले, ते वाचून मी फोन पालथा ठेवला. ‘हॅपी गो लकी माणूस’, ‘गाड्यांचा शौकीन’, आणि एका सद्गृहस्थांचं, ‘आपला चायना मेश्राम गेला’. शिकागोजवळच्या या शॉमबर्गमध्ये इतकी वर्षं राहून प्रभाकरची आमच्या लोकांत एवढीच ओळख होती. तो चीनमधल्या बंद झालेल्या मोटार कारखान्यांचा इतिहास गोळा करत होता, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना त्यात विनोदच दिसत होता. गणपतीच्या जेवणात मंडळातले बापूकाका दरवर्षी पंगतभर ऐकू जाईल असं विचारायचे, “काय मेश्राम, यंदा कुठली चायनीज गाडी मेली?”

“दोन मेल्या, बापूकाका. तुमची मिनीव्हॅन कशी आहे?”

“चायना माल तो! गेटबाहेर पडला की वॉरंटी संपली.”

“गेटच्या आत निदान काहीतरी बनवत होते ते. आपण इथे येऊन काय बनवलं? स्लाइड्स.”

लोक हसायचे. प्रभाकरही हसायचा. मला तेव्हाही हसू यायचं नाही, आणि आता तर ते हसणं आठवलं की कानशिलं तापतात. कारण तो काय करत होता हे मी जवळून पाहिलं होतं. मी इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात काम करते; तो पहिल्यांदा आला तो चिनी शब्दकोश मागायला. पुढे एकेक अक्षर लावत तो ती भाषा वाचायला शिकला. विमानांच्या कारखान्याने काढलेली चिमुकली व्हॅन, फ्रिज बनवणाऱ्यांनी हौसेने काढलेली मोटार, शेतीची अवजारं करणाऱ्या गावातल्या कारखान्याने फायबरची बॉडी चढवून विकलेली दोन दारांची गाडी… काही वर्षं चाललेले आणि मग कुणाच्याही आठवणीत न उरलेले हे कारखाने. त्यांची माहितीपत्रकं, दरपत्रकं, बॉनेटवरचे बिल्ले तो तिकडच्या रद्दीवाल्यांकडून मागवायचा. यातली एकही गाडी त्याने चालवली नव्हती. इथे त्या मिळतच नाहीत.

एकदा मी विचारलं, हेच का? तो म्हणाला, “नागपूरला बाबा ज्या कारखान्यात फिटर होते, तो बंद पडला. बंद पाडला, खरं म्हणजे. आज तिथे मॉल आहे. आत काय बनायचं हे सांगणारा एक कागद शोधला मी… नाही मिळाला. तो तर गेला. हे तरी राहू देत.” त्याच्या ऑफिसातल्या एका चिनी सहकाऱ्याला त्याने असंच एक पत्रक दाखवलं होतं. त्यातला फोटो पाहून त्या माणसाने तिथूनच आईला फोन लावला. ती त्या कारखान्यात रंगकाम करायची. घरात तिचा तिथला एकही फोटो नव्हता.

गेल्या वर्षी एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाने हा संग्रह पाहायला होकार दिला. मीच पत्रव्यवहार केला होता. हिवाळाभर प्रभाकर तळघरात बसून खोके लावत होता. बायको गेल्यापासून घरात तो एकटाच. जेवणाच्या टेबलावरही पत्रकं पसरलेली असायची. जे कारखाने अजून सुरू आहेत त्यांचंही तो आधीच जमवून ठेवायचा; त्यांच्या खोक्यांवर त्याने जाड पेनने ‘चालू’ लिहिलं. जे संपले त्यांच्यावर ‘बंद’.

अंत्यसंस्कारानंतरच्या शनिवारी मी ते न्यायला गेले. तळघर झाडून स्वच्छ केलेलं होतं. भिंतीशी फक्त ‘चालू’चे खोके.

निखिल गोंधळून म्हणाला, “बट मावशी, आय आस्क्ड बापू अंकल. ही सेड, बंद मीन्स इट्स नॉट वर्किंग. सो वी टॉस्ड दोज.”

घर विकायला काढायचं होतं. सामान उचलणारा ट्रक आदल्या दिवशीच येऊन गेला होता. मी त्या कंपनीला फोन केला. कागद असेल तर लगदा झाला असेल, असं तिथली मुलगी म्हणाली. मग बापूकाकांना केला.

“अगं, बंद म्हणजे बंदच ना? मी काय चुकीचं सांगितलं?” ते म्हणाले. “आणि खरं सांगू का, पसाराच होता तो. पोराच्या डोक्याचा ताप कमी केला.”

अर्थ त्यांनी बरोबर सांगितला होता. म्हणूनच माझा राग निवत नाही. चुकीचा सांगितला असता तर माफ करता आलं असतं. वर्षानुवर्षं ज्याची टिंगल केली, तो काय जमवतोय हे एकदाही न विचारलेल्या माणसाने एका शब्दाचा बरोबर अर्थ सांगितला आणि सगळं गेलं. निखिलवर मी रागावू शकत नाही. मराठी वाचायला त्याला कुणी बसवून शिकवलं नाही. प्रभाकरचाही राग येतो. एवढं सगळं गोळा केलंस आणि वर एकच शब्द लिहिलास?

उरलेले खोके मी घरी आणले. विद्यापीठाने नम्रपणे कळवलं की चालू कंपन्यांचं साहित्य त्यांच्याकडे आहे. परवा बातमी वाचली की या ‘चालू’ खोक्यांतलीच विजेच्या गाड्या काढणारी एक नवी कंपनी बुडाली. दुकानांना कुलपं लागली, कामगार फाटकाबाहेर उभे आहेत. मी तिचं पाकीट खोक्यातून बाहेर काढलं. ते ठेवायला ‘बंद’चा खोका नाही. पाकीट माझ्या टेबलावर आहे.